रोजमेळाचं शेवटचं पान

व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीला नाहीतर मार्चला संपतं. माझं गाण्याचं वर्ष तेवढं ३१ डिसेंबरला संपतं, आणि त्याची नोंद रोजमेळाच्या शेवटच्या पानावर होते. सोलापूरच्या नवी पेठेत माझं मॅचिंगचं दुकान आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, परकर. वडील ज्या गादीवर बसायचे तिथंच मी बसतो. वर्षभरात जे अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले आणि पुन्हा ऐकावेसे वाटले, त्यांची नावं त्या पानावर, आणि प्रत्येकापुढं किंमत. किमतीची सवय कॅसेटच्या काळातली. जुन्या पानांवर पंचवीस रुपये, अठ्ठावीस रुपये असे आकडे आहेत, एकदोन ठिकाणी नुसतंच ‘उसनी’.

अट एकच. अल्बम सलग ऐकलेला हवा. कॅसेट होती तेव्हा अशी अट घालायची गरजच नव्हती. गाणं पुढं पळवायचं म्हणजे अंदाजानं थांबायचं, दोनदा चुकायचं, वर टेप अडकायची धास्ती. त्यापेक्षा नावडतं गाणं ऐकून टाकणं परवडायचं. अशी ऐकून टाकलेली कितीतरी गाणी पुढं लाडकी झाली. आता नावडतं गाणं चार सेकंदांत हद्दपार होतं. त्याला लाडकं व्हायला सवडच मिळत नाही.

२०२४च्या पानावर मी पाच ओळी आखल्या होत्या. वर्ष सुरू झालं तेच जाण्यानं. ९ जानेवारीला राशिद खान गेले, १३ला प्रभा अत्रे. आमच्याकडं गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, हलग्या, पेठेत खेड्यापाड्यांतनं आलेली गर्दी. रात्री शटर ओढून घरी गेलो आणि प्रभाताईंचा मारुबिहाग लावला. तो संपला आणि फोननं लगेच कलावती सुरू केला. मी दचकलोच.

घरी ही ध्वनिमुद्रिका होती, आणि मारुबिहाग व कलावती यांच्यामध्ये तबकडी उलटायचं काम माझ्याकडं होतं. दोन्ही तळव्यांनी कडेनं धरायची, बोट रेघांना लागता कामा नये. मग मखमलीच्या तुकड्यानं गोल पुसायची. मखमल दुकानातलीच, कापताना उरलेली, गर्द डाळिंबी. मग सुई टेकवायची, आणि थोडी खरखर. या सगळ्याला मिनिटभर लागायचं, आणि त्या मिनिटात घरात कुणी बोलायचं नाही. आई भाकरी थापायची थांबायची. मारुबिहाग अजून खोलीत आहे आणि कलावती यायचाय, असं ते मिनिट. फोनवाल्या अल्बममध्ये दोन्ही राग आहेत, ते मिनिट नाही. तरी पहिल्या ओळीवर मी तीच लिहिली. जुनी असली तरी त्या वर्षी सलग ऐकलेली.

मराठीतलं नवं काय, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’नं त्या वर्षी माझा धंदा वाढवला, हे कबूल करतो. लग्नसराईत दर तिसरी बाई गुलाबीच मागत होती, आणि गुलाबी म्हणजे राणी, बेबी पिंक, कांदा की गाजरी हे तिचं तिलाच ठाऊक नसायचं. प्रत्येकीला पीस घेऊन पायरीवर, उजेडात न्यावं लागतं, कारण ट्यूबलाईटखाली सगळे गुलाबी एकमेकांना लागतात आणि बाहेर आले की भांडतात. पण ते एकटं गाणं. अल्बम नव्हे. वास्तविक सलग ऐकणं मराठी कानाला नवं नाही. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १९५५च्या रामनवमीला सुरू झालं आणि आठवड्याला एक असं करत छप्पन्न गाण्यांनी पुढच्या वर्षी संपलं. आजोबा सांगायचे, शेजारच्यांच्या रेडिओपाशी आठवडाभर थांबून पुढचं गाणं ऐकायचं. वर्षभर पुरलेला अल्बम तो.

दुसरी ओळ ‘चमकीला’ची. इम्तियाज अलीचा चित्रपट एप्रिलात आला, रहमानची सहाच गाणी, इर्शाद कामिल यांचे शब्द. मी आधी गाणी ऐकली, चित्रपट नंतर पाहिला. हाच क्रम बरा. १९८८च्या मार्चमध्ये मेहसमपूर गावी गोळ्या घालून मारलेल्या गायकाची गोष्ट, पण मला ती कॅसेटचीही गोष्ट वाटली. मोठ्या शहरांच्या डोक्यावरून थेट खेड्यात पोचणारा गळा. आमच्या जिल्ह्यानं तो प्रकार जवळून पाहिलाय. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे असेच पोचले, एकाच गळ्यातून विठ्ठलही आणि भीमगीतंही.

तिसरी ओळ मलाच अनपेक्षित. आरूज आफताबचा ‘नाईट रेन’. बाई पाकिस्तानी घरातली, राहते न्यूयॉर्कात, आवाज जमिनीलगत चालणारा. दुकानात लावला तेव्हा आमच्याकडं कामाला असलेला पोरगा म्हणाला, “मालक, काय लावलाव ओ हे? झोप याललीय की.” त्याचं चुकलं नव्हतं. दुपारी, मोटारसायकलींच्या हॉर्नमध्ये, ते गाणं पायरीवर न आणलेल्या पीससारखं. जूनच्या एका रात्री, गच्चीवर फरशी अजून तापलेली असताना कानात घालून पडलो, तेव्हा त्याचा खरा रंग दिसला. त्यातल्या ‘ना गुल’चे शब्द माह लका बाई चंदा हिचे, हे नंतर कळलं. हैदराबादची, अठराव्या शतकातली, उर्दू गझलांचा दिवाण असलेली गणिका. हैदराबाद आमच्यापासून तीनएकशे किलोमीटर. आमच्या पेठेतले व्यापारी रात्री निघून सकाळी तिथं माल बघतात. मी स्वतः किती वेळा गेलो असेन, चारमिनारला बांगड्यांची दुकानंही पालथी घातली, आणि या बाईचं नाव ऐकलं ते न्यूयॉर्कवरून.

चौथ्या ओळीबद्दल मला थोडी लाज आहे. फेब्रुवारीत झाकीर हुसेन यांना एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले. त्यांतला एक ‘ॲज वी स्पीक’साठी. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मेयरचा डबल बेस, राकेश चौरसियांची बासरी आणि यांचा तबला. बातमी वाचली, एक तुकडा ऐकला, ‘नंतर सावकाश ऐकू’ म्हणून ठेवून दिला. १६ डिसेंबरला, सोमवारी सकाळी ते गेल्याचं कळलं, आणि त्याच दिवशी मी तो अल्बम सबंध ऐकला. बातमी आली की गाणं काढायचं, ही माझी वाईट खोड आहे. जानेवारीत तेच, डिसेंबरात तेच. बँजोचा सूर टचकन तुटतो, त्याला लांबण नाही. तो तुटला की खालून डग्ग्याची घुमारी येते आणि तुटलेलं टोक उचलून पुढं नेते. तुटल्याचं कळतच नाही. हे दहा महिने माझ्या खिशात होतं.

उरली पाचवी. ३१ डिसेंबरच्या रात्री पान उघडून बसलो होतो. पोरगा थप्प्या लावत होता आणि त्याच्या फोनवर ‘पुष्पा २’ चालू होता. डिसेंबरभर आमच्या गल्लीत दुसरं काही नव्हतंच. त्यातलं जोडीचं गाणं श्रेया घोषालनं सगळ्या भाषांत गायलंय, त्यामुळं समोरच्या दुकानात हिंदी, अक्कलकोटच्या गड्याकडं कन्नड आणि आमच्याकडं तेलुगू असं एकच चाल धरून चालायचं. पोरगा शहराच्या पूर्वभागातला, घरी तेलुगू. त्याचे वडील यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटात गाणं ऐकायचं तर आवाज फोडूनच लावावा लागतो, ती सवय त्याच्याही हातात आलीय. मला ते एक गाणं सोडून बाकी काही आवडत नाही. पण एक गोष्ट मी महिनाभर पाहत होतो. तो एकही गाणं पुढं ढकलत नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत, रोज, घड्या घालत.

“मालक, माझं एक लिवा की त्यात,” तो म्हणाला.

अट माझीच होती. पाचव्या ओळीवर ‘पुष्पा २, तेलुगू’ लिहिलं.

“आन् किंमत?”

वरच्या चार ओळींपुढं जागा मोकळीच होती. फोनवरच्या गाण्याची किंमत कशी लावायची ते मला अजून जमलेलं नाही. याची मात्र रोजमेळातच होती. पानं मागं चाळली. ५ डिसेंबर, चित्रपट लागला तो दिवस, त्याच्या नावे उचल, दोनशे रुपये. मी तो आकडा शेवटच्या पानावर उतरवला.

त्यानं मान वाकडी करून वाचलं. “ते पगारातनं कापून घेतलाव की ओ,” म्हणाला, आणि शटरची काठी आणायला गेला.