परवाना

नांदूरघाटच्या आमच्या घरात 'परवाना' म्हटलं की बंदूक किंवा गाडी आठवायची नाही. आबा, म्हणजे माझे आजोबा, तो शब्द फक्त गल्लीतल्या मारुतीच्या देवळाबद्दल बोलताना वापरायचे. देवळाची मागची भिंत कमरेपर्यंत घडीव दगडाची आहे, सांध्यात सुई जाणार नाही अशी. त्यावर सगळा ओबडधोबड दगड. "परवाना आला नाही, म्हणून काम थांबलं," एवढंच ते सांगायचे.

बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देऊळ बांधायचं, दुरुस्त करायचं, तर उमूर-ए-मजहबी या धर्मखात्याची परवानगी लागे. या असल्या बंधनांविरुद्ध आर्य समाजानं 1938-39 मध्ये सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले. अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ त्याच सुमारास नोकरी सोडून स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. पण याच निजामानं पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या आवृत्तीसाठी पैसे दिले होते. मी इतिहास शिकवतो; वर्गात हे सांगितलं की मुलं गोंधळतात. बरीच वर्षं मलाही ते जुळवता आलं नव्हतं.

जुळलं ते बी.ए.ला अमेरिकेचा इतिहास शिकवताना. मॅसॅच्युसेट्सचे प्युरिटन स्वतः इंग्लंडमधल्या जाचाला कंटाळून समुद्रापार आले, आणि 1660 मध्ये त्यांनीच मेरी डायर या क्वेकर बाईला बॉस्टनमध्ये फाशी दिलं. मेरीलँडनं 1649 मध्ये सहिष्णुतेचा कायदा केला, तो फक्त ख्रिस्ती लोकांपुरता. ख्रिस्ताचं देवत्व नाकारणाऱ्याला त्याच कायद्यात मृत्युदंड. सरकारनं माणसाच्या श्रद्धेत हातच घालू नये, असं म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला हद्दपार केलं गेलं. त्यानं 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं.

पुढे 1776 मध्ये व्हर्जिनियात हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. मसुदा जॉर्ज मेसनचा. (मेसन म्हणजे गवंडी. इथं मी दरवेळी अडखळतो.) त्यात धर्माबाबत 'सहिष्णुता' असा शब्द होता. पंचविशीतल्या जेम्स मॅडिसनला तो खटकला. सहन करणारा वर आणि सहन केला जाणारा खाली, असं त्यात येतंच. त्याच्या आग्रहानं तिथं सगळ्यांचा सारखा हक्क आला. भांडारकरला मिळालेली देणगी आणि आमच्या देवळाचा अडलेला कागद मला तेव्हा एकाच दौतीतून लिहिलेले दिसले. द्यायचं की नाही, हे देणाऱ्यानं ठरवायचं.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं आबांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खालची भिंत कुणी रचली, ते कधी इचारलं न्हाईस तू."

गवंडी मुसलमान होता, आमच्याच गल्लीतला. आबा त्याला मामू म्हणायचे. आधी रझाकारांची दहशत होती, गावं रात्र-रात्र जागायची. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि मग भीतीनं घर बदललं. सुंदरलाल समितीनं संस्थानातल्या मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला, त्यात मुख्यतः मुसलमान. जास्त झळ बसलेल्या आठ जिल्ह्यांत बीडचं नाव आहे. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. आबांनीही त्यांच्यापुरतं तेच केलं होतं.

"माणसं आली, मामूचं घर कोणतं म्हणाली. मी दारातच होतो. दाखवलं न्हाई. पर नका जाऊ, असंबी म्हणलो न्हाई."

"मग?"

"घरात कुणी नव्हतं. आदल्या रातीच निघून गेल्ते. परत आले न्हाईत. देवळाला मग परवाना लागंना. वरची भिंत दुसऱ्यानं बांधली."

आबा जाऊन आता सहा वर्षं झाली. यंदा गल्लीनं देवळाला आतून-बाहेरून टाइल्स लावायचं ठरवलंय. बैठकीत मी म्हणालो, मागची भिंत तेवढी तशीच राहू द्या. का, असं एकानं विचारलं. मी म्हणालो, दगड चांगला आहे.