उचल आणि माघारी यायचा हक्क

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडच्या वाड्या-तांड्यांवर घराघराला कुलूप दिसेल. दसरा झाला की संसार ट्रॅक्टरवर चढतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मी बीड जिल्ह्यात वकिली करतो. पुढचे पाच महिने मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच असतं: "साहेब, ते माघारी येऊ देत नाहीत."

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो आणि ती पुढे तोडीतून फिटायची असते. तोडलेल्या उसाचं वजन मजूर बघत नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा लागतो, पैसे कापले जातात. हिशेबाची वही मुकादमाकडे. हंगाम संपतो तेव्हा बऱ्याच जणांच्या नावावर बाकी निघते आणि पुढचा हंगाम त्या बाकीतच सुरू होतो.

मागे एक म्हातारा माझ्याकडे आला. सून फडात तापाने आजारी होती. तिला घेऊन मुलगा गावी निघाला, तर मुकादमाने त्याला अडवलं: आधी उचल फेड, मग जा. म्हाताऱ्याकडे शंभराच्या स्टँपपेपरची नक्कल होती. त्यावर मुलाचा अंगठा होता, रकमेची जागा कोरी होती. आम्ही एका कचेरीत गेलो. उत्तर मिळालं, "हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा." त्याच महिन्यात माझ्याकडे दुसरं प्रकरण होतं. उचल घेऊन कामावर न गेलेल्या एका मजुरावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला होता. मुकादमाचे पैसे अडकले तर फौजदारी, आणि मजूर अडकला तर दिवाणी! हा न्याय मला मान्य नाही.

मुकादमाची अडचण मला कळते. तोही कारखान्याकडून, वाहतूकदाराकडून पैसे उचलून आलेला असतो, आणि दोघातिघांकडून उचल घेऊन गायब होणारे मजूरही मी पाहिले आहेत. त्या पैशांसाठी त्याने खुशाल दावा लावावा. माणूस मात्र कोंडून ठेवता येणार नाही.

संविधानाचं २३वं कलम वेठबिगारीला मनाई करतं. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी सांगितलं की, किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. त्याआधीच, १९७६ मध्ये, वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला होता. त्याने वेठीचं कर्ज रद्द केलं, आणि हे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर टाकली. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमणं बंधनकारक केलं. जिल्हाधिकाऱ्याने मुक्तता प्रमाणपत्र दिलं की पुनर्वसनाची मदतही सुरू होते.

एवढं सगळं कायद्यात असताना अडतं कुठं? एका शब्दावर. "उचलीचा वाद" असं लिहिलं की फाईल बंद होते. "वेठबिगारी" लिहिलं की चौकशी करावी लागते, उत्तर द्यावं लागतं. तो शब्द कागदावर येऊ नये यासाठी होणारी धडपड मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिली आहे.

२०१९ मध्ये बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यामागची कारणं अनेक आहेत, पण खाड्याची धास्ती त्यात आहे, हे बायकांनी स्वतः सांगितलं. आजारी पडायचीही मोकळीक नसलेल्या बाईला आपण कोणत्या तोंडाने नागरिक म्हणतो?

तुमच्या ओळखीचं कुणी फडात अडकलं असेल, तर एक अर्ज लिहून द्या. गाव, फडाचं ठिकाण, मुकादमाचं नाव, उचलीची रक्कम आणि कधीपासून अडवलं ती तारीख. वर १९७६च्या कायद्याचं नाव, आणि मजकुरात "वेठबिगारी" हा शब्द. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या आवकमध्ये द्या आणि पोच घ्या. महिन्याभरात काही हाललं नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्या अर्जावर काय कारवाई झाली ते विचारा. दक्षता समितीच्या बैठकांची इतिवृत्तंही त्याच अर्जात मागा.