पीलुपाक आणि क्वार्क

कच्चा घट भट्टींत तांबडा होतो तो अखंड राहून, कीं परमाणूंपर्यंत विस्कटून पुन्हा जुळल्यानें? नैयायिक पहिला पक्ष घेतात. वैशेषिक दुसरा, त्यासच पीलुपाक म्हणतात. आमच्या वाशीमचा कुंभार नैयायिकांच्याच बाजूनें साक्ष देईल!

दिवाळींत पुतण्यानें जड क्वार्कांची हकीकत सांगितली. क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क यांची जे-साय ही जोडी १९७४ सालीं सांपडली. सुमारें दोन लक्ष कोटी अंश उष्णतेच्या द्रव्यांत मोकळ्या कणांची गर्दी मधलें आकर्षण झांकते व जोडी सुटते, असें मात्सुई व सात्झ यांनीं १९८६ सालीं प्रतिपादिलें. जिची गांठ सैल, ती आधीं सुटावी. जिनिव्हाजवळील सीएमएस प्रयोगानें (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांत सहभागी आहे) शिशाचे अणुगर्भ आदळवून २०१२ सालीं तसेंच दाखविलें: अप्सिलॉनची घट्ट जोडी अपेक्षेच्या निम्म्याहून किंचित् अधिक उरली, सैल जोडी जेमतेम आठवा हिस्सा. जे-साय मात्र तेथें पूर्वीच्या मंद टकरींहून कमी घटली. विपुल सुटे क्वार्क निवतांना नव्या जोड्या बांधतात, असें त्याचें कारण देतात.

"हा तर पीलुपाकच! कणादांना सारें ठाऊक होतें," आमचे वडील बंधु उद्गारले. पुतण्या मान खालीं घालून बसला. आम्हांस तें रुचलें नाहीं. म्हटलें, "दादा, त्यांनीं तर्क केला, तो थोरच, पण मोजलें यांनीं. शिवाय तेथें घट त्याच परमाणूंचा. येथें जोडीदार बहुधा बदलतो." (सोयरीक जमविणारांनीं क्षमा करावी.)

दादांनीं उत्तर न देतां तर्कसंग्रह आणावयास सांगितला, आणि पुतण्यास जवळ बसवून घेतलें.