पुस्तक मिटल्यानंतर

आमच्या घराच्या माळ्यावर भौतिकशास्त्राचे एक जुने पुस्तक आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेली. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही ते पाच वेळा वाचले आणि नेमके त्याच विषयात नापास झालो. वाडीतली केळी विकून आमची फी भरणारे वडील त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते मौनच आम्हांला अधिक लागले. आपल्याला बुद्धीच नाही, ही समजूत पुढे कित्येक वर्षे आमच्या मनात घर करून राहिली.

यंदा आमची पुतणी पहिल्या सत्रात दोन विषयांत मागे पडली. तिचे पुस्तकही पिवळ्या शाईने रंगलेले. ‘‘काका, वाचताना सगळे येते, पण पेपर हातात पडला की पाटी कोरी!’’ ती म्हणाली. हे तर आमचेच वाक्य!

मग आम्ही थोडा शोध घेतला. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून १८८५ साली विस्मरणाची गती मांडली. पाठ केलेले आरंभी झपाट्याने विसरते, नंतर सावकाश. त्याला आणखीही एक आढळले : एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांचे काम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी होते.

२००६ साली अमेरिकेत रॉडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा चार सत्रे वाचला. काहींनी एक सत्र वाचून पुढील तीन सत्रे तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे सरस ठरले. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला चांगले आठवेल, हा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता!

आमची चूक इथेच होती. ओळखीची झालेली ओळ आम्ही समजलेली ओळ मानली.

आता संध्याकाळी ओटीवर पुतणी पुस्तक मिटते आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठवेल ते लिहिते. मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त करते. तोच धडा दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. पहिल्या दिवशी चार ओळींवर पेन अडला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. आठवताना होणारे कष्ट हाच खरा अभ्यास, हे तिला पटवायला आम्हांला पंधरा दिवस लागले.

तिचा निकाल अजून लागायचा आहे. आमचा मात्र परवा लागला. माळ्यावरचे ते पुस्तक हाती घेतले आणि उमगले की, उणीव बुद्धीची नव्हती, रीतीची होती. वडील आज असते, तर त्यांना एवढे तरी सांगता आले असते.