चहाला कशी येऊ?

आम्हा चौघी मैत्रिणींचा कॉलेजपासूनचा प्लॅन आहे: एकाच अंगणाभोवती चार घरं बांधायची. आता पगार बरे झालेत, त्यामुळे प्लॅन एकदम सीरियस झालाय. म्हणूनच परवाच्या रविवारी गाडी करून बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज गाठलं. गाडी अशासाठी, की आमच्यातली एक व्हीलचेअर वापरते.

पारसिक डोंगराच्या पायथ्याची ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी आखली. सात घरांच्या मधे साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन गट मिळून आणखी मोठं अंगण. वेगवेगळ्या उत्पन्नाची कुटुंबं शेजारी राहावीत म्हणून प्लॉटच्या आकारात फारसा फरक नाही. घरांच्या भिंतीही सामाईक नाहीत, म्हणजे ज्याने त्याने आपलं घर हवं तसं वाढवावं. लोकांनी वाढवलंयही! मूळची कौलारू घरं आता शोधावी लागतात.

एका अंगणात उभं राहून आम्ही लगेच वाटणी केली. ‘‘तुझं घर अंगणाच्या लेव्हलला. दार ९० सेंटिमीटरचं, बाथरूममध्ये धरायला दांडे.’’ स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ती समोरच्या घराच्या दोन पायऱ्यांकडे बघत होती. ‘‘आणि तुमच्याकडे चहाला कशी येऊ गं?’’

सगळ्या गप्प. खरं सांगायचं तर दहा वर्षांच्या मैत्रीत नेहमी आम्हीच तिच्याकडे गेलोय. माझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत. मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

मग हिशेब सुरू झाला. एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प लागतो. चार दारांना चार रॅम्प म्हणजे अंगणाचा निकाल! जोतं खाली घ्यावं, तर आपल्याकडच्या पावसात पाणी थेट हॉलमध्ये. तोडगा तिनेच काढला. जोतं उंचच ठेवायचं, पण त्याच उंचीचा एक रुंद ओटा चारही दारांपुढून फिरवायचा. रॅम्प एकच, अंगणात शिरतानाच. दाराशी उंबरा नको, पाण्यासाठी जाळी लावलेली पन्हळ. तिची व्हीलचेअर, कुणाची आजी, कुणाचं बाळ, नवा फ्रिज, सगळ्यांची वाट एकच.

सोसायटीच्या मीटिंगला मी आजवर कधी फिरकले नव्हते. या रविवारी जातेय, तीन पायऱ्यांचा विषय घेऊन.

तुमच्या लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत?