आगकाड्यांची गाडी

गेल्या नाताळात मी ग्वाल्हेरला मावशीकडे गेले, तेव्हा बॅगेत एक अर्धवट भरलेला फॉर्म होता. फिल्मच्या पदव्युत्तर कोर्सचा. नाव, पत्ता, गुण सगळं लिहून झालं होतं. 'आपल्या कामाचा नमुना जोडा' ही एकच जागा रिकामी होती. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की मी फिल्म करणार आहे. का केली नाही, याचंही उत्तर तयार असायचं : कॅमेरा नाही, लॅपटॉप जुना आहे, पप्पांच्या पगारात हे बसत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच त्यांच्यामागे लपणं सोपं होतं.

माझे काका, म्हणजे मावशीचे मिस्टर, झाशीच्या गोवन रेल्वे कुटुंबातले. मराठी ते मावशीकडून शिकले, त्यामुळे त्यात निम्मी हिंदी असते. ते ग्वाल्हेर-श्योपूर या छोट्या गाडीवर गार्ड होते. दोन फूट रुंदीचे रूळ, सुमारे दोनशे किलोमीटरचं अंतर आणि प्रवास दहा-अकरा तासांचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती गाडी थांबली ती कायमचीच. आता तिथे ब्रॉडगेज येतंय. काका त्याच वर्षी निवृत्त झाले. म्हणजे त्यांची शेवटची ड्यूटी झाली, तेव्हा ती शेवटची आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. हार नाही, पेढे नाहीत, फोटो नाही. मावशी म्हणते, तेव्हापासून हा माणूस पेपर वाचतो आणि गप्प बसतो.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जयविलास पॅलेस बघायला गेलो. तिथल्या लांबलचक जेवणाच्या टेबलावर रूळ आहेत आणि त्यावर चांदीची छोटी आगगाडी. पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन ती फिरायची. लोक सेल्फी काढून पुढे सरकत होते. काका मात्र बराच वेळ तिथेच उभे. मग म्हणाले, "आपलीवाली पण अशीच होती. बस, चांदीची नव्हती."

त्या रात्री मला झोप लागेना. डोक्यात ती गाडी होती, आणि का कोण जाणे, दादासाहेब फाळके.

फाळक्यांची एक गोष्ट आम्हा ख्रिस्ती मुलांना सांगायला फार आवडते. १९११ मध्ये ईस्टरच्या दिवसांत त्यांनी मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला आणि त्यांच्या मनात आलं, असे आपल्या राम-कृष्णांचे चित्रपट का नसावेत? मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की त्यापुढचं मला कधी महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. पुढे काय झालं? विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटात पैसे घालायला कोण तयार होणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी पक्का केला आणि दिवसेंदिवस थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर त्या बीचं बघता बघता रोप झालं. ही 'अंकुराची वाढ' दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

म्हणजे आपल्या सिनेमाचा 'कामाचा नमुना' एक वाटाणा होता!

फाळके मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. जे. जे. मध्ये शिकलेले, मग फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोगसुद्धा केलेले. नाव झाल्यावरही त्यांची खेळायची सवय गेली नाही. 'आगकाड्यांची मौज' नावाची एक छोटी फिल्म त्यांनी केली. काड्या एकेक चित्र घेत हलवायच्या, म्हणजे पडद्यावर त्या आपोआप नाचतात. ती फिल्म मी पाहिलेली नाही. पण त्या रात्री नावच पुरेसं होतं.

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच काडेपेट्या आणल्या. काडेपेटीचे डबे, शर्टाच्या बटणांची चाकं, काड्यांचे रूळ. मसाल्याच्या डब्यांच्या उतरंडीवर रबरबँडने फोन बांधला. सेकंदाला बारा फोटो, म्हणजे अर्ध्या मिनिटाला तीनशे साठ. दर फोटोआधी गाडी जेमतेम केसभर ढकलायची.

पहिले चाळीस फोटो वाया गेले. ग्वाल्हेरचं धुकं सारखं ऊन झाकत होतं आणि फिल्म लुकलुकत होती. मग पडदे लावले, टेबललॅम्प आणला, आणि नाइट ड्यूटी करून आलेल्या मावशीला पांढरी चादर धरून उभं केलं, उजेड परतवायला.

"किती वेळ गं? हात भरून आले."

मी तिला सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल सांगितलं. फिल्मला भोकं पाडणं, धुणं, उन्हात चादरी धरून उभं राहणं, हे सगळं त्या करायच्या, वर घरातल्यांचा स्वयंपाकही. मावशी म्हणाली, "मग पहिलं नाव तिचं टाक."

काका पेपरआड होते. मी चार सेकंदांची गाडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बघितली. पुन्हा बघितली. मग म्हणाले, "छतावर कोणी नाही?"

"छतावर?"

"अरे, आपली गाडी छताशिवाय भरायची काय?"

ते उठले आणि टपावर काड्या मांडायला लागले. हा जौऱ्याला चढणारा दूधवाला. हे कैलारसचे कॉलेजवाले, तिकीट कधी काढत नाहीत. ही सबलगढची म्हातारी, हिला आत बसवा, खिडकीजवळ. चढावर गाडी मंदावली की पोरं उतरून चालायची आणि पुन्हा चढायची, म्हणून तेही घ्यायला लावलं. गजकच्या खोक्यावरचा हिरवा कागद कापून झेंडा झाला. मावशी चादरीमागून ऐकत होती. पाच वर्षांत इतकं बोलणं तिनेही ऐकलं नव्हतं.

रात्री अकरा वाजता गाडी टेबलाच्या टोकाला, श्योपूरला पोचली. सगळ्या काड्या उतरल्या. मी फोन सोडवायला गेले तर काका म्हणाले, "रुक. गार्ड राहिला."

शेवटच्या डब्यातून त्यांनी एक काडी काढली. केसभर सरकवायची, हात मागे घ्यायचा, मी फोटो काढायचा. असे चौदा फोटो. काडी टेबलाच्या कडेला पोचली, तेव्हा त्यांनी ती उचलून खिशात टाकली. कोणीच काही बोललं नाही.

फिल्म एकतीस सेकंदांची झाली. सात फोटोंत काकांचा अंगठा आलाय. तो काढता आला असता, मी काढला नाही. नावांमध्ये पहिलं नाव मावशीचं आहे.

फॉर्म मी ग्वाल्हेरहून निघायच्या आदल्या रात्री पाठवला. निकाल अजून लागायचाय.