ऋणानुबंधाचे खाते



नातीने मोबाइलवर लावून दिला म्हणून 'पास्ट लाइव्ह्ज' हा २०२३ सालचा चित्रपट पाहिला. दिग्दर्शिका सेलीन साँग जन्माने कोरियन. गोष्ट साधीच. बारा वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर देश सोडते, पुढे न्यूयॉर्कला लेखिका होते, तिथेच लग्न करते. चोवीस वर्षांनी बालमित्र भेटायला येतो. दोघे फिरतात, बोलतात, तो परत जातो. मग ती नवऱ्याच्या मिठीत रडते आणि नवरा तिला रडू देतो.

कोरियन भाषेत 'इन्यॉन' असा शब्द आहे. रस्त्यात अनोळखी माणसाचा कपडा कपड्याला लागला तरी मागच्या जन्मीचे काही देणेघेणे असते, आणि लग्न झाले तर त्यामागे आठ हजार थर असतात, असे त्यात सांगितले आहे. आपण याला ऋणानुबंध म्हणतो. मी कॉमर्सची, मला त्यातले 'ऋण' आधी दिसते.

आपल्याकडचे उदाहरण आठवले ते डॉ. आनंदीबाई जोशींचे. त्यांच्यावरचा 'आनंदी गोपाळ' हा २०१९ चा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. नवव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी, १८८३ मध्ये, बोटीने अमेरिका. गोपाळराव इकडे, त्या तिकडे. मध्ये फक्त पत्रे. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतले, त्यांचा संबंध कसा जुळला? दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र त्यांच्या वाचनात आले, एवढ्यावर. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. कुठले कल्याण आणि कुठले पोकीप्सी!

पण आपला धर्म इथे थांबत नाही. नेम-राजुलचे नाते नऊ भवांचे, असे आपल्या श्वेतांबर परंपरेत सांगतात. जेवणावळीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमकुमारांनी लग्नाचा रथ फिरवला आणि गिरनारची वाट धरली. राजुल रडली, बेशुद्ध पडली. मग सावरली आणि तिनेही दीक्षा घेतली. आठ भवांची बाकी तिने नवव्या भवात मागितली नाही. खातेच मिटवले. बंध जितका जुना तितका तो गोड, असे चित्रपट म्हणतो. आपण म्हणतो, जितका जुना तितका सांभाळून सोडवावा.

तरी एक गोष्ट मला त्या चित्रपटाची पटली. राजुलचे रडणे आपल्या स्तवनांतून किती आळवले जाते! मग घरच्या सुनेने माहेर आठवून डोळे पुसले की आपण लगेच का म्हणतो, "आता हेच तुझे घर"? मी लग्न होऊन मोलगीला आले तेव्हा सातपुड्याचे घाट चढताना हाच मला परदेश वाटला होता. दुकानावर येणाऱ्या बायकांची बोली कळत नव्हती. सासूबाईंनी काही समजावले नाही, फक्त दुपारी थोडा वेळ मला एकटीला बसू दिले. तेवढ्याने मी इथली झाले.

आमच्या भागातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. म्हातारी माणसे पाड्यावर वाट पाहत राहतात. त्यांच्या ओढीला कुणी राग किंवा मोह म्हणून हिणवू नये.

राग सुटायला हवा, हे खरेच. पण आधी जमा-नावे नीट लिहावे लागते, तेव्हाच बाकी शून्य होते. लपवलेली नोंद पुढच्या पानावर ओढली जाते. यंदा पर्युषणात सुनेला खमावताना तिच्या गावाची चौकशी करा. ती रडली तर रडू द्या.